स्वयंचलित, पण स्वयंभू नव्हे

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. मे महिना, दुपारचे अडीच वाजलेले, खंबाटकीचा घाट. पुढे सिमेंटच्या गोण्या लादलेला ट्रक, मागे एस.टी. आणि मधे आमच्या ताईची गाडी. स्टिअरिंगवर ताई, शेजारी दाजी, मागच्या सीटवर आमची ऐंशी वर्षांची आई आणि पुण्याहून घेतलेली आंब्यांची पेटी. घाटाच्या मध्यावर गाडीने एकाएकी ओढायचे सोडले. ॲक्सिलरेटर दाबावा तसे इंजिन ओरडत होते, काटा वर चढत होता, पण चाके जागची हलायला तयार नव्हती. दाजींनी उतरून चाकामागे दगड लावला. एस.टी.च्या ड्रायव्हरने खिडकीतून डोके काढून विचारले, "क्लच जळाला का, बाई?" ताई म्हणाली, "अहो, हिला क्लचच नाही!"

पुढचे सगळे आपल्याकडे जसे होते तसेच झाले. तासाभराने टोचनवाला आला. त्याने गाडीच्या पुढच्या हुकाला लोखंडी दांडा अडकवला, "न्यूट्रल करा" म्हणाला आणि चारही चाकांवर गाडी ओढत साताऱ्याला नेली. दुसऱ्या दिवशी वर्कशॉपमधून निरोप आला, "गिअरबॉक्स गेला. रिपेअर होत नाही, पूर्ण असेंब्ली बदलावी लागेल. साडेतीन लाख." सात वर्षे जुनी ती डिझेल ऑटोमॅटिक दाजींनी आदल्या वर्षी चार लाख दहा हजारांना घेतली होती. गाडी घरी आली, तिच्यावर ताडपत्री पडली आणि ताडपत्रीवर दोन पावसाळे गेले.

ही गाडी हौसेने घेतलेली नव्हती, हे आधी सांगायला हवे. ताई वाईजवळच्या एका शाळेत सत्तावीस वर्षे शिकवते आहे. तिच्या डाव्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली, तेव्हा डॉक्टरांनी निक्षून सांगितले होते, की डाव्या पायाने क्लच दाबणे आता बंद. म्हणून ऑटोमॅटिक. रोजचे सत्तर किलोमीटर, म्हणून डिझेल. गाडी बंद पडली तशी ताई पुन्हा एस.टी.च्या पायऱ्या चढू लागली. आठ महिन्यांनी तिने स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज लिहून टेबलाच्या खणात ठेवला, हे आम्हाला बऱ्याच उशिरा कळले. गिअरबॉक्स बंद पडतो तेव्हा नुसते यंत्र बंद पडत नाही. कुणाचे तरी हिंडणे-फिरणे बंद पडते.

घरात अर्थातच निकाल लागला होता. "ऑटोमॅटिक घेऊच नये, आणि डिझेलमध्ये तर मुळीच नाही." हा निकाल आज गावोगाव ऐकू येतो. मला तो मान्य नाही. पण तो चुकीचा का, हे समजून घ्यायचे तर आधी त्यातला खरेपणाही मान्य करायला हवा. कारण पुढची चाके ओढणारी गाडी, डिझेल इंजिन आणि स्वयंचलित गिअर या तिघांचा संसार मुळातच थोडा कठीण आहे.

तिघांचा संसार

मोटारीतला पहिला यशस्वी स्वयंचलित गिअरबॉक्स अमेरिकेत जनरल मोटर्सने १९३९ मध्ये आणला. १९४० सालच्या ओल्ड्समोबाइलमध्ये तो बसला. त्या गाड्या लांबलचक होत्या. इंजिन पुढे उभे, त्याच्यामागे गिअरबॉक्स, तिथून लांब दांडा आणि शेवटी मागची चाके. जागा भरपूर, तेल भरपूर, पेट्रोल इंजिनाची चाल मऊ. आपली ॲम्बेसेडर आणि प्रीमियर पद्मिनीही अशाच मागच्या चाकांवर चालणाऱ्या होत्या.

पुढे १९५९ मध्ये इंग्लंडात ॲलेक इसिगोनिस यांनी मिनी मोटार काढली आणि इंजिन आडवे टाकले. चाके पुढचीच ओढणार, त्यामुळे मागचा दांडा गेला आणि माणसांना जागा मिळाली. जवळपास सगळ्या लहान मोटारींनी पुढे हीच वाट धरली. आपल्याकडे डिसेंबर १९८३ मध्ये आलेली मारुती ८०० याच घराण्यातली. पण माणसांना मिळालेली ही जागा यंत्राच्या वाट्यातून गेली. इंजिन, गिअरबॉक्स आणि दोन्ही चाकांना जोर वाटून देणारा डिफरन्शियल हे सगळे दोन पुढच्या चाकांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत आले. गिअरबॉक्स आखूड झाला, शेजारी तापलेले इंजिन, आणि वारा लागायला मोकळीक थोडी. शिवाय चढावर गाडीचे वजन मागे सरकते, पुढची चाके हलकी होतात, घसरतात आणि पुन्हा पकड घेतात. तो प्रत्येक हिसका थेट गिअरबॉक्सपर्यंत पोचतो.

त्यात डिझेल इंजिन आले. डिझेलचा मोठेपणा त्याच्या फिरवण्याच्या जोरात असतो, ज्याला आपण टॉर्क म्हणतो. साधे दोन लिटरचे पेट्रोल इंजिन १९० न्यूटन-मीटरच्या आसपास जोर देते, तेवढेच टर्बो डिझेल ३२० च्या घरात जाते. आणि हा जोर ते शर्यतीच्या वेगात देत नाही. मिनिटाला पावणेदोन हजार फेऱ्यांच्या आसपास, म्हणजे ऐन गर्दीत आणि ऐन चढावर देते. डिझेलचे ठोकेही जड. पेट्रोल इंजिन चाळणीने पीठ चाळावे तसे चालते, डिझेल उखळात मुसळ घालावे तसे. उखळाच्या प्रत्येक घावाला जे भांडे तोंड देते, ते गिअरबॉक्सचे.

हे अशक्य आहे का? मुळीच नाही. जगात आणि आपल्याकडेही लाख-दीड लाख किलोमीटर विनातक्रार चाललेल्या अशा गाड्या आहेत. पण या संसारात हयगय चालत नाही. पेट्रोलच्या मोटारीला पचणारा निष्काळजीपणा इथे पचत नाही, एवढाच त्याचा अर्थ.

नाव एक, यंत्रे चार

आपली पहिली फसगत शब्दाने होते. शोरूममध्ये आपण विचारतो, "ऑटोमॅटिक आहे का?" समोरचा म्हणतो, "आहे की!" संवाद संपला. पण या एका शब्दाच्या पोटात चार अगदी वेगळी यंत्रे आहेत आणि चौघांची दुखणीही वेगळी.

पहिला प्रकार जुना आणि सर्वांत मुरलेला, टॉर्क कन्व्हर्टरचा. दोन पंखे समोरासमोर ठेवा. एक सुरू केला की त्याच्या वाऱ्याने दुसराही फिरू लागतो. इथे वाऱ्याच्या जागी तेल असते. इंजिन आणि चाके यांच्यामध्ये तेलाची गादी असल्याने डिझेलचे घाव त्या गादीत मुरतात. म्हणूनच डिझेलशी याचे चांगले जमते. ह्युंदाईच्या क्रेटाचे डिझेल असो, टाटांच्या हॅरिअरचे किंवा महिंद्रांच्या एक्सयूव्ही ५०० चे, त्यांनी डिझेलसाठी हाच प्रकार निवडला. ह्युंदाईने २०२० च्या क्रेटात टर्बो पेट्रोलला दुहेरी क्लचचा गिअरबॉक्स दिला आणि डिझेलला मात्र टॉर्क कन्व्हर्टरच ठेवला. या यंत्राचा प्राण म्हणजे त्यातले तेल. तेच जोर पोचवते, तेच वंगण करते, तेच आतले क्लच दाबते. ताईचे घाटातले उत्तर अर्धेच खरे होते. क्लचचे पेडल नव्हते, पण आत तेलात बुडालेल्या क्लचच्या चकत्यांची चळत होती.

दुसरा प्रकार एएमटीचा. हा खरे म्हणजे आपला नेहमीचाच गिअरबॉक्स. फक्त क्लच दाबायला आणि गिअर टाकायला माणसाऐवजी यंत्राचा हात बसवलेला. आपल्याकडे २०१४ मध्ये मारुतीच्या सेलेरिओने तो घराघरात नेला आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये टाटांच्या झेस्टने तो डिझेलला जोडला. स्वस्त आणि साधा. गिअर बदलताना मान डोलते, पण क्लच झिजला तर तो बदलणारा कारागीर तालुक्याच्या गावीही सापडू शकतो.

तिसरा सीव्हीटीचा. यात दाते नाहीत, दोन कप्प्यांवरून फिरणारा पोलादी पट्टा असतो. गाडी लोण्यासारखी चालते, पण पट्ट्याला जादा जोर सोसत नाही. होंडाने २०१८ मध्ये अमेझच्या डिझेलला सीव्हीटी दिला, तेव्हा काय केले पाहा. गिअर हाताने टाकायच्या अमेझमध्ये तेच इंजिन २०० न्यूटन-मीटर जोर देत होते. सीव्हीटीच्या गाडीत तो १६० वर आणून ठेवला. पट्ट्याच्या ताकदीबाहेर इंजिनाला जाऊच दिले नाही. ग्राहक म्हणून आपल्याला ही काटछाट वाटते. मला तो शहाणपणा वाटतो.

चौथा दुहेरी क्लचचा. एक क्लच एक-तीन-पाच सांभाळतो, दुसरा दोन-चार-सहा. एक गिअर सुटण्याआधी दुसरा तयार असतो, म्हणून हिसका नाही आणि वेळेचा अपव्यय नाही. फोक्सवॅगनने २००३ मध्ये तो बाजारात आणला. पण यातही दोन पोटजाती. एकात क्लच तेलात बुडालेला असतो, म्हणून तो ओला. दुसऱ्यात उघडा, म्हणून कोरडा. तेव्हाच्या औरंगाबादजवळ शेंद्र्याला जोडल्या जाणाऱ्या स्कोडा लॉरा आणि सुपर्बच्या डिझेल गाड्यांत सहा गतींचा ओला होता, त्याची ताकद ३५० न्यूटन-मीटर. चाकणला बनणाऱ्या व्हेंटोच्या डिझेलला २०१४ मध्ये सात गतींचा कोरडा मिळाला. त्या गिअरबॉक्सची मर्यादा २५० न्यूटन-मीटर आणि त्या इंजिनाचा जोरही २५० न्यूटन-मीटर. शंभर किलोची पोती उचलणाऱ्या हमालाला रोज बरोबर शंभराचेच पोते द्यावे, तसे. चूक नाही, पण सवडही नाही.

आता सांगा, या चौघांना एकच नाव देऊन "ऑटोमॅटिक टिकते का?" असा प्रश्न विचारण्यात काय अर्थ आहे? बैल, घोडा, उंट आणि हत्ती यांना मिळून "जनावर टिकते का?" असे विचारण्यासारखेच ते.

झीज आणि बिघाड

आपल्या हिशेबात आणखी एक गफलत आहे. गिअर हाताने टाकायच्या डिझेल गाडीची क्लचप्लेट पुण्या-मुंबईच्या गर्दीत साठ-सत्तर हजार किलोमीटरवर जाते. तिच्याबरोबर डिझेलचे धक्के पचवणारे दुपदरी फ्लायव्हीलही गेले, तर बिल अर्ध्या लाखाच्या घरात सहज पोचते. आपण बिल भरतो आणि म्हणतो, "क्लच काय, झिजणारच." पण ऑटोमॅटिकमध्ये तेच क्लच तितकेच झिजले, की आपण म्हणतो, "गिअरबॉक्स गेला!" पहिल्याला आपण झीज म्हणतो, दुसऱ्याला बिघाड. वास्तविक दोन्ही झीजच आहेत.

फरक एवढाच, की हाताच्या गिअरला झीज आधी पायाला कळते. क्लच वर सुटायला लागतो, वास येतो, चढावर गाडी नाखूश होते. ऑटोमॅटिक आपली झीज लपवत नाही, पण ती हळू आवाजात सांगते. सकाळी गाडी सुरू करून 'डी' टाकल्यावर पकड घ्यायला क्षणभर उशीर होणे, दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना बारीक थरथर, रिव्हर्सला टाकल्यावर धक्का, पार्किंगच्या फरशीवर लालसर किंवा काळपट तेलाचा थेंब. ताईच्या गाडीखाली असा डाग दोन महिने पडत होता. "एसीचे पाणी असेल," म्हणून आम्ही सोडून दिले होते.

'आयुष्यभर' म्हणजे किती?

ताडपत्रीखाली दोन पावसाळे गेल्यावर एका परिचितांनी पुण्यातल्या एका मिस्त्रींचे नाव सुचवले. नाना पेठेच्या एका बोळात त्यांचे छोटे वर्कशॉप. भिंतीवर ना बोर्ड ना कॅलेंडर, टेबलावर नुसते उघडलेले गिअरबॉक्स. ट्रकवर लादून आणलेल्या गाडीखाली ते दहा मिनिटे पडून राहिले. बाहेर येऊन हात पुसत त्यांनी दाजींना विचारले,

"साहेब, ह्याचं तेल कधी बदललं होतं?"

"तेल? ते तर दर दहा हजाराला बदलतो की."

"ते इंजिनचं. मी ह्याचं विचारतोय."

दाजी गप्प. गाडी घेतली तेव्हा सर्व्हिसच्या वहीत गिअरच्या तेलापुढे कंपनीनेच छापले होते, 'आयुष्यभरासाठी भरलेले'. एक लाख दहा हजार किलोमीटर आणि सात वर्षे ते तेल कुणी पाहिलेही नव्हते. मिस्त्रींनी बाटलीत काढून दाखवले. लाल असायचे ते तेल गुळाच्या काकवीसारखे झाले होते आणि त्याला जळका वास होता.

'आयुष्यभर' हा शब्द मला फार फसवा वाटतो. कुणाचे आयुष्य? गाडीचे, की वॉरंटीचे? जर्मनीची झेडएफ ही कंपनी जगातल्या अनेक मोटारींसाठी गिअरबॉक्स बनवते. मोटार कंपन्या ज्यांना 'आयुष्यभराचे तेल' म्हणतात, त्या आपल्याच गिअरबॉक्समधले तेल ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटर किंवा आठ वर्षांत बदलावे, अशी झेडएफची शिफारस आहे. फोक्सवॅगनच्या ओल्या क्लचच्या गिअरबॉक्सला तर दर ६० हजार किलोमीटरला तेल बदलायचे, असे कंपनीच सांगते. म्हणजे यंत्र बनवणारा सांगतो बदला, आणि पुष्कळदा गाडी विकणारा सांगतो गरज नाही. का, ते उघड आहे. देखभालीचा खर्च कमी दाखवला, की गाडी स्वस्त वाटते. पहिल्या मालकाचे चार-पाच वर्षांत काही बिघडत नाही. बिघडते ते दुसऱ्याचे. आणि आपल्याकडे दुसरा मालक म्हणजे पुष्कळदा पै-पै जमवून गाडी घेणारा मध्यमवर्गीय कुटुंबप्रमुख.

मिस्त्रींनी पुढे जे सांगितले, ते ऐकून दाजींनी कपाळावर हात मारला. मूळ दुखणे तेल थंड करणाऱ्या पाइपच्या जोडात होते. तिथले काही शे रुपयांचे सील फुटून तेल ठिबकत होते. घाटात तेल कमी पडले, आतल्या चकत्यांना दाब मिळेना, म्हणून गाडी ओढेना. तिथेच थांबून गाडी ट्रकवर लादली असती, तर बरेच काही वाचले असते. पण आपण ती चारही चाकांवर टोचन करून नेली. या प्रकारच्या गिअरबॉक्समधला तेलाचा पंप इंजिनावर चालतो. इंजिन बंद म्हणजे पंप बंद. पुढची चाके फिरताहेत, म्हणजे गिअरबॉक्स आतून फिरतो आहे आणि वंगण नाही. चाळीसेक किलोमीटर कोरड्या खलबत्त्यात कुटावे तसे आतले सगळे कुटले गेले. घाटात गाडी आजारी पडली होती. तिला मारले ते आम्ही साताऱ्यापर्यंत नेताना.

चूक नेहमी चालवणाऱ्याचीच?

इथे कुणी म्हणेल, मग चूक तुमचीच. काही अंशी आहेच. पण सगळा दोष चालवणाऱ्याच्या पदरात टाकणे ही या धंद्यातली जुनी सवय आहे आणि ती जगभर आहे.

ऑस्ट्रेलियात फोर्डच्या फिएस्टा, फोकस आणि इकोस्पोर्ट या मोटारींत कोरड्या दुहेरी क्लचचा 'पॉवरशिफ्ट' गिअरबॉक्स होता. त्या थरथरत, अचानक जोर सोडत. तक्रार घेऊन येणाऱ्या ग्राहकांना, तुमच्या चालवण्याच्या पद्धतीमुळे असे होते, असे सांगितले जाई. प्रकरण तिथल्या ग्राहक आयोगाने न्यायालयात नेले आणि एप्रिल २०१८ मध्ये फेडरल कोर्टाने कंपनीला १ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड केला. गंमत अशी, की फोर्डच्याच डिझेल मोंडिओत 'पॉवरशिफ्ट' याच नावाचा, पण ओल्या क्लचचा, अगदी वेगळा गिअरबॉक्स होता. नाव एक, पोट वेगळे. ग्राहकाला ते कळावे तरी कसे?

फोक्सवॅगनची कथाही बोलकी आहे. मार्च २०१३ मध्ये चीनच्या सरकारी दूरचित्रवाणीने ग्राहक दिनाच्या कार्यक्रमात दुहेरी क्लचच्या तक्रारी दाखवल्या आणि काही दिवसांत कंपनीला तिथल्या ३ लाख ८४ हजारांवर मोटारी परत बोलवाव्या लागल्या. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये जगभरातल्या सुमारे १६ लाख मोटारींच्या सात गतींच्या गिअरबॉक्समधले कृत्रिम तेल काढून खनिज तेल भरायचे ठरले. कारण काय? गरम, दमट हवेत आणि थांबत-थांबत चालणाऱ्या रहदारीत त्या तेलामुळे आतल्या विद्युत भागांत बिघाड होऊ शकत होता. गरम, दमट हवा आणि थांबत-थांबत चालणारी रहदारी! हे वर्णन वाचताना मला तर दादर टी.टी.चा सिग्नल डोळ्यांसमोर आला. थंड देशातल्या रस्त्यांवर मुरलेले यंत्र आपल्या हवेत, आपल्या धुळीत आणि आपल्या गर्दीत तसेच वागेल, हे गृहीत धरणे हीच चूक आहे. आणि ती चालवणाऱ्याची नव्हे.

मग करायचे काय? माझ्या मते मागण्या तीनच आणि त्या अगदी साध्या आहेत. गाडीच्या माहितीपत्रकात नुसते 'ऑटोमॅटिक' न लिहिता कोणत्या प्रकारचा गिअरबॉक्स आहे आणि त्याची जोर सोसायची मर्यादा किती, हे मराठीत, ठळक अक्षरांत छापावे. 'आयुष्यभराचे तेल' हा शब्द बंद करून तिथे वर्षे आणि किलोमीटर लिहावेत, तेही आपल्या हवेसाठी. आणि तिसरे, सगळ्यांत महत्त्वाचे, आख्खा गिअरबॉक्स बदलण्याची सक्ती न करता आतले सुटे भाग, दुरुस्तीची पुस्तके आणि तपासणीची साधने बाहेरच्या कारागिरांनाही मिळावीत. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ च्या जुलैत दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षी २४ डिसेंबरच्या ग्राहक दिनाला त्यासाठी पोर्टल सुरू केले. त्यातल्या चार क्षेत्रांत मोटारीही आहेत. सुरुवात चांगली. पण ज्या देशात शिवणयंत्रापासून रेडिओपर्यंत सगळे दुरुस्त होत आले, तिथे साडेतीन लाखांचे यंत्र काही शे रुपयांच्या सीलपायी भंगारात जावे, हे शोभत नाही.

आपल्या बाजूनेही थोडे शिकायला हवे. २०२० च्या एप्रिलमध्ये प्रदूषणाचे नवे नियम आले, तेव्हा मारुतीने डिझेल मोटारी बंद केल्या. फोक्सवॅगन आणि स्कोडानेही इथले डिझेल त्याच सुमारास सोडले. त्यामुळे या कंपन्यांच्या डिझेल ऑटोमॅटिक आता फक्त जुन्या बाजारातच मिळतात आणि तिथे घेणाऱ्यालाच डोळे उघडे ठेवावे लागतात. अशी गाडी पाहायला सकाळी जावे, इंजिन थंड असताना. 'डी' आणि 'आर' टाकून पकड किती वेळात येते ते पाहावे. तेल बदलल्याचे बिल मागावे. बिल नसेल, तर तो खर्च किमतीतून वजा करावा. घेतल्यावर चढावर ॲक्सिलरेटरने गाडी थोपवून धरू नये, त्यासाठी ब्रेक आहे. गाडी मागे सरकत असताना 'डी' टाकू नये. एएमटी किंवा कोरड्या क्लचची गाडी असेल, तर गर्दीत वीतभर-वीतभर सरकण्यापेक्षा पुढे थोडी जागा होऊ द्यावी आणि मग निघावे. उतारावर डिझेल वाचवायला 'न्यूट्रल' करू नये. आणि बंद पडलीच, तर टोचनवाल्याला ठणकावून सांगावे, की पुढची दोन्ही चाके उचलून घे, नाहीतर ट्रकवर चढव. तो हसेल. हसू द्यावे.

मिस्त्रींनी गिअरबॉक्स उघडला, चकत्या, सील, बेअरिंगे बदलली, कन्व्हर्टर साफ करून घेतला. सहा आठवडे लागले. बिल झाले एक लाख अठरा हजार. स्वस्त नाही, पण साडेतीन लाखही नाही. गाडी द्यायला ते स्वतः साताऱ्याला आले, कारण पहिली फेरी त्यांना स्वतः घाटात करून बघायची होती. किल्ली मात्र त्यांनी दाजींच्या हातात दिली नाही. "ताई, तुम्ही चालवा," म्हणाले, "मी शेजारी बसून ऐकतो."

ते घाटभर एक शब्द बोलले नाहीत, नुसते ऐकत होते. वर पोचल्यावर म्हणाले, "झालं. आता ह्याला विसरू नका."

परवा ताईकडे गेलो होतो. स्वयंपाकघरात नेहमीप्रमाणे कालनिर्णय टांगलेले. दूधवाल्याचे खाडे, सिलिंडर लावल्याची तारीख, आईच्या रक्तदाबाच्या गोळ्या. त्यांच्याखाली ताईच्या वळणदार, फळ्यावरच्या अक्षरात आणखी एक ओळ होती : 'गाडी – गिअरचे तेल – ४० हजार झाले की.' टेबलाच्या खणातला तो अर्ज कुठे गेला, हे मी विचारले नाही. साडेसहा वाजले होते आणि ती शाळेला निघायच्या घाईत होती.